नाव असलेली कबर, नाव नसलेले हात

पाचगणीला आपण जातो ते टेबल लँडसाठी, स्ट्रॉबेरी क्रीमसाठी आणि सिडनी पॉइंटवरच्या फोटोंसाठी. सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीकडे पाय क्वचितच वळतात. तिथे जॉन चेसन या इंग्रजाची कबर आहे.

पावसाळ्यात महाबळेश्वरला राहणं इंग्रजांना झेपत नव्हतं. म्हणून १८६० च्या दशकात चेसनने रुस्तमजी दुबाश यांच्यासोबत आसपासचे डोंगर पालथे घातले आणि दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट या पाच गावांजवळची जागा निवडली. मग त्याने सिल्व्हर ओकची झाडं लावली. शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले यांना बोलावून वसवलं. आपण ज्या सावलीत गाडी लावतो, तिचा हिशेब त्याच्यापर्यंत जातो.

मग त्याच्या कबरीपुढे हात जोडायचे का? काहीजण म्हणतील, ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांना कसला नमस्कार? काहीजण म्हणतील, गाव वसवलं ना, मग आभार माना. मला वाटतं, दोघंही कबरीला पुतळा समजतात. पुतळा उभारायचा म्हणजे त्या माणसाचा गौरव करायचा, तिथे वाद हवाच. कबर एवढंच सांगते की इथे एक माणूस संपला. तिच्यापुढे क्षणभर गप्प उभं राहिलं, तर इंग्रजी राज्याला मान्यता दिली असं होत नाही.

खरा अवघड प्रश्न पुढे महाबळेश्वरला भेटतो. तिथे १८३० च्या दशकात इंग्रजांनी चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग बांधला. या कैद्यांनी रस्त्यांवर राबून, भाजीपाल्याचे मळे फुलवले. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. आज त्यांची आठवण उरली आहे ती एका धबधब्याच्या नावात, चायनामन फॉल्समध्ये. त्या नावात एकाही माणसाचं नाव नाही. डोंगर माणसांनी भरला तो दोघांच्याही कष्टाने. दगडावर नाव मात्र एकाचंच कोरलं गेलं.

‘ते गुन्हेगार होते’, असं कुणी म्हणेल. असतील. पण त्यांना शिक्षा झाली होती ती कैदेची आणि कष्टांची. विसरलं जाण्याची शिक्षा कुठल्याच न्यायाधीशाने दिली नव्हती, ती आपण अजून देतोय.

दगड नसला तरी नाव टिकू शकतं. मिरजेत १८९४ साली दवाखाना सुरू करणारे डॉ. विल्यम वॉनलेस १९३३ मध्ये अमेरिकेत वारले. पण सांगली-मिरजेकडचा माणूस आजही ‘वॉनलेसला नेलंय’ म्हणतो, तेव्हा ते नाव तोंडात येतंच. कारण नावाला इमारत मिळाली, इमारतीला पेशंट मिळाले. कैद्यांच्या मळ्यांना तसा दरवाजा नव्हता, ज्यावर पाटी लावता आली असती.

म्हणजे आठवण कुणाची राहते, हे माणसाच्या योग्यतेवर कमी आणि पाटी लावायची ऐपत कुणाची होती यावर जास्त ठरतं. हे एकदा कळलं की चेसनची कबर वाचण्याची पद्धत बदलते. त्याचं नाव आदराने वाचावं, आणि त्याच श्वासात स्वतःला विचारावं: हे झाड लावण्यासाठी खड्डा कुणी खणला होता?

उत्तर मिळणार नाही. तरी विचारायचं, कारण त्या माणसांसाठी आता एवढाच एक दगड आपल्या हातात आहे.