हुरूप एकट्याने येत नाही

2020च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या नोकऱ्या लॅपटॉपबरोबर गावोगाव पोचल्या. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावसारख्या तालुक्याच्या गावीही आता घरून काम ही नवलाई उरलेली नाही. त्यामागोमाग ऑनलाइन प्रशिक्षणं आली: घरी बसून स्वयंप्रेरणा कशी वाढवावी. वेळेवर उठा, कामांची यादी करा, मोबाइल दूर ठेवा. सल्ले चुकीचे नाहीत. पण हुरूप टिकत नाही हा त्या माणसाचाच दोष, असं त्यात धरलेलं असतं. ते मला मान्य नाही.

इथल्या वावरात राबणाऱ्यावर कुठला साहेब असतो? तरी पाऊस पडून वाफसा आला की सोयाबीनची पेरणी कोणी उद्यावर ढकलत नाही. शेजारच्या धुऱ्यावर माणसं दिसतात, हात कमी पडले तर सावड होते. शेतकऱ्याची चिकाटी त्याची स्वतःची खरीच, पण तिला हंगामाचा आणि माणसांचा टेकू असतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेला तीन गोष्टी लागतात असं मांडलं: कामात आपली मर्जी, ते जमतंय ही खात्री आणि माणसांशी जवळीक. प्रशिक्षणाने दुसरी थोडीफार मिळेल. पहिली वरिष्ठांच्या हातात असते आणि तिसरी पडद्यावरून फारशी येत नाही.

चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. स्वतंत्र खोली असलेले, स्वखुशीने तयार झालेले कर्मचारी आठवड्यातले चार दिवस घरून काम करू लागले आणि त्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. एवढंच आपल्याला नेहमी सांगितलं जातं. पुढे निवडीची मुभा मिळाल्यावर घरून काम करणाऱ्यांतले जवळपास निम्मे कार्यालयात परतले. एकटेपणा हे त्यांचं मोठं कारण होतं. ज्याला जे मानवेल ते निवडता आल्यावर घरून कामाचा फायदा 22 टक्क्यांवर गेला.

सोबत माणसं असली की हुरूप टिकतो, हे स्पर्धा परीक्षेची मुलं कधीचीच ओळखून आहेत. घरी पुस्तकं असूनही ती महिन्याची फी भरून अभ्यासिकेत बसतात. तिथे कोणी शिकवत नाही, शेजारी कोणीतरी वाचत असतं, एवढंच. घरून काम करणाऱ्यांसाठी तालुक्याच्या गावी तशीच एखादी खोली, भरवशाची वीज आणि इंटरनेट यांवर कंपन्यांनी प्रशिक्षणाचे पैसे खर्च करावेत.