पद्मश्री आणि पासपोर्ट

गुदैबियाला एका मित्राकडे गुरुवारी रात्री जेवायला गेलो होतो. मित्र म्हापशाचा. जेवणं झाल्यावर त्याने रेमो फर्नांडिसची जुनी गाणी लावली. आम्ही सावंतवाडीकर. गोव्याच्या वाऱ्याबरोबर ही गाणी लहानपणापासून आमच्याकडे येत होती, त्यामुळे मीही पाय हलवू लागलो. तेवढ्यात पंचवीसेक वर्षं बहारीनमध्ये काढलेले एक काका म्हणाले, "माणूस मोठा, पण पद्मश्री घेतली भारताची आणि पासपोर्ट घेतला पोर्तुगालचा. पद्मश्री परत करायला नको होती का?"

"का म्हणून, काका?" मी जरा जोरातच म्हणालो. त्या जोराचं कारण पुढे सांगतो.

रेमोंना पद्मश्री मिळाली २००७ साली, म्हणजे 'गोअन क्रेझी' नंतर तेवीस वर्षांनी. १९८४ची ती कॅसेट त्यांनी शिवोलीच्या घरीच ध्वनिमुद्रित केली होती. लिहिणारे तेच, चाल लावणारे तेच, वाद्यं वाजवणारे तेच आणि स्कूटरवरून दुकानांत कॅसेटी पोचवणारेही तेच. शिक्षणाने वास्तुविशारद, मुंबईच्या जे.जे.चे. १९८६ मध्ये पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनच्या गीतमहोत्सवात त्यांनी बक्षिसं मिळवली. पुढे 'जलवा' आला, मग 'बॉम्बे'मधलं 'हम्मा हम्मा'.

ड्रेस्डेनवर मी थोडा अडकतो. ज्या देशात ती बक्षिसं मिळाली तो देश १९९०मध्ये नकाशावरून गेला. मग ती परत करायची म्हटली तरी कुणाला करणार? ती खोटी ठरली असंही कुणी म्हणणार नाही, कारण त्या संध्याकाळी तिथे गाणं झालं आणि लोकांना ते आवडलं, एवढं तर खरंच आहे. म्हणून मला वाटत होतं, आणि काकांना मी तसं सांगितलंही, की पुरस्कार म्हणजे पावती. माल पोचला, आवडला, खाली सही. गिऱ्हाइकाने पुढे घर बदललं म्हणून कुणी पावती फाडत नाही.

नियमही माझ्याच बाजूने होते. पद्म पुरस्कार परदेशी नागरिकांनाही दिले जातात, दरवर्षीच्या यादीत अशी नावं असतात. ही पदवी नाही, नावामागे-पुढे लावायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं आहे. (आपल्या मंडळांच्या निमंत्रणपत्रिकांपर्यंत तो निकाल अजून पोचलेला नाही, ते सोडा.) शिवाय रेमोंचा जन्म १९५३चा. गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. ज्या राज्यात माणूस जन्मला त्याचाच कागद त्याने पुढे घेतला, तर त्याला परका कसं म्हणायचं?

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पावती म्हणतोस ना? मग तुझं सुवर्णपदक तुझ्या बाबांनी काचेच्या कपाटात का ठेवलंय? विजेच्या बिलाच्या पावत्या ठेवतात का कुणी तिथे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावतीत दोन्ही बाजूंचा हिशेब मिटतो. सन्मानात तो मिटत नाही, उलट तिथून काहीतरी सुरू होतं. देणारा नुसतं "छान केलंस" म्हणत नाही, तो "हा आमचा" असंही म्हणतो. त्यात देणाऱ्याचाही फायदा असतो. घेणाऱ्याने हात पुढे केला की त्याने त्या "आमचा"ला निदान मान हलवलेली असते. लताबाईंनी एका टप्प्यावर फिल्मफेअरला सांगितलं, आता मला नको, नव्यांना द्या. त्यांना ते सांगावं लागलं, कारण पुरस्कार हा नुसता हिशेब नाही, ते चालू असलेलं नातं आहे, हे त्या जाणून असणार.

पण "आमचा" म्हणणारे येतात केव्हा? इथल्या फिजरीचंच बघा. मोती काढायला जाणाऱ्या गलबतांवरची ही गाणी. मुहर्रकला आजही पुरुष गोल बसून ती गातात, साथीला ढोल आणि पाण्याचा मातीचा घडा. २०२१ मध्ये युनेस्कोने फिजरीला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. फार चांगलं झालं. पण ज्या पाणबुड्यांची ही गाणी, त्यांतले कितीतरी नाखव्याच्या कर्जात जन्मभर अडकलेले असत. १९३०च्या दशकात मोत्यांचा धंदा बसला. सन्मान आला तोवर तो घ्यायला त्यांच्यातलं कोण उरलं होतं? १९८४मध्ये स्कूटरवरून कॅसेटी वाटणाऱ्या माणसाला "आमचा" म्हणायला दिल्लीलाही तेवीस वर्षं लागली. उशिरा आलेल्याने निष्ठेची अट घालावी, हे मला अजूनही पटत नाही.

आता त्या जोराचं कारण. माझ्या आजीचा जन्म पेडण्याचा, १९६१च्या कितीतरी आधीचा. तिचा जन्मदाखला निघाला तर पिढ्यांचे कागद जोडत पोर्तुगीज नागरिकत्वापर्यंत जाता येतं, असं त्या म्हापशाच्या मित्रानेच मला सांगितलंय. मी समुद्राचं पाणी गोडं करण्यावर संशोधन करतो. करार दोन वर्षांचा, आणि इथलं राहणं कराराला बांधलेलं. युरोपातली प्रयोगशाळा मला डोळ्यांसमोर दिसते. तो कागद हातात पडला की नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे भारताचं नागरिकत्व संपतं, मग ओसीआय कार्डासाठी अर्ज. आणि माझी पीएचडी झाली ती सरकारी शिष्यवृत्तीवर, पाच वर्षं.

म्हणजे त्या रात्री मी वकिली रेमोंची करत होतो की स्वतःची? खरं सांगायचं तर दुसऱ्याचीच जास्त. रेमोंना वकिलाची गरजही नाही. त्यांनी देशाला गाणी दिली, पद्मश्री नंतर आली. माझं उलटं आहे. मला आधी मिळालं, आणि द्यायचं अजून बाकी आहे. त्यांना लावलेलं माप मला लावता येत नाही. पावतीचा युक्तिवाद त्यांच्या बाबतीत निम्मा तरी टिकतो. माझ्या बाबतीत तर अजून पावतीच फाटलेली नाही, कारण माल पोचलेला नाही.

हे सगळं मी काकांना बोललो नाही. निघताना त्यांनीच विचारलं, "मग, आजीचा दाखला काढायला टाकलास का?" मित्राने त्यांना सांगितलं असणार.

"अजून नाही," म्हणालो.

परवा फोनवर बाबा सांगत होते, पावसाळ्यात कपाटाला बुरशी धरली म्हणून पदक काढून पुसून ठेवलं. पेडण्याला जाऊन दाखल्याची चौकशी कराल का, हे त्यांना विचारायचं म्हणून मी फोन केला होता. ते विचारायचं राहिलं.