बुटांपर्यंत वाकलेले पोप

११ एप्रिल २०१९. दक्षिण सुदानच्या नेत्यांचं व्हॅटिकनमधलं दोन दिवसांचं आध्यात्मिक शिबिर संपत आलं होतं. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे विरोधक रिएक मचार, दोघंही तिथं होते. यांच्याच वैरापायी २०१३ पासून लाखो माणसं देशोधडीला लागली होती. पोप फ्रान्सिस तेव्हा ८२ वर्षांचे. पाय दुखत असतानाही, सोबतच्यांच्या आधारानं ते गुडघ्यांवर बसले आणि एकेका नेत्याच्या बुटांवर त्यांनी ओठ टेकवले. शांतता टिकवा, हीच विनवणी.

पवित्र गुरुवारी आपल्या चर्चमध्येही फादर पाय धुतात. पण ते पाय बहुधा घरून स्वच्छ धुऊनच आलेले असतात! येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता. ज्याचा मनापासून राग यावा, त्याच्यापुढे वाकायचं, हे बिशपांनाही जड जातं आणि पॅरिश कौन्सिलच्या सभासदालाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण सुदानमध्ये संयुक्त सरकार आलं, तरी शांतता डळमळीतच राहिली. २०२३ मध्ये पोप चाकाच्या खुर्चीतून तिथल्या राजधानीला, जुबाला गेले. यादवीत बेघर झालेल्यांना ते भेटले. सोबत कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी होते.