मूर्च्छा, ऊब आणि अनुस्मृती

जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि मरण या चार अवस्थांबाहेर जीवाची आणखी एखादी अवस्था आहे का, या प्रश्नाला ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील दहावे सूत्र भिडते; मूर्च्छा या चारींपैकी कशातच बसत नाही, म्हणून तिला ‘अर्धसंपत्ती’, म्हणजे अर्धी लीनता, मानावे असे ते सांगते. त्यावरील शांकरभाष्यात लोकव्यवहाराचे एक सूक्ष्म निरीक्षण आहे. निश्चेष्ट पडलेला मनुष्य जिवंत आहे की मृत, असा संशय आला की लोक हृदयाच्या जागी हात ठेवून ऊब आणि नाकाशी श्वास तपासतात. दोन्ही नसतील तर त्याला दहनासाठी नेतात, एखादे जरी आढळले तर शुद्धीवर आणण्यासाठी औषधोपचार करतात.

कृष्णेच्या खोऱ्यात या प्रश्नाच्या तात्त्विक आणि वैद्यकीय अशा दोन्ही बाजू नांदत आल्या आहेत. सातारा जिल्ह्यातील वाईच्या प्राज्ञपाठशाळेत १९१७ च्या सुमारास विनोबा भावे यांनी नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रांचे अध्ययन केले, तर सांगली जिल्ह्यातील मिरजेला, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयापासून, वैद्यकनगरी ही ओळख मिळत गेली. आजच्या हृदयशस्त्रक्रियेने वाईत अभ्यासल्या गेलेल्या त्या सूत्रापुढे एक कठीण उदाहरण ठेवले आहे.

हृदयापासून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीवर शस्त्रक्रिया करताना काही वेळा रुग्णाचे शरीर सुमारे १८ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून हृदय-फुप्फुस यंत्रही काही काळ थांबवावे लागते. त्या वेळी श्वास नसतो, नाडी नसते आणि ऊब तर वैद्यांनीच हेतुपुरस्सर काढून घेतलेली असते. भाष्यातील दोन्ही खुणा मृत्यूकडे बोट दाखवतात, तरीही तो मनुष्य मृत नसतो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या वेळीही सुमारे वीस टक्के प्राणवायू वापरतो, म्हणून रक्तप्रवाह तुटला की पहिला घाला त्याच्यावर पडतो. थायोपेंटलसारखे भूल देणारे औषध मेंदूची विद्युत्-क्रिया शांत करून ही गरज जवळपास निम्म्यावर आणते, परंतु उरलेला निम्मा खर्च पेशींनी नुसते टिकून राहण्याचा असल्यामुळे औषधाची मात्रा कितीही वाढवली तरी तो घटत नाही. थंडावा मात्र दोन्ही खर्च कमी करतो. थायोपेंटलने मेंदूचे रक्षण होते असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसले होते, पण पुढील अभ्यासांत त्याला तसा दुजोरा मिळाला नाही. शांत झालेला मेंदू सुरक्षित असतोच, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

भुलीच्या या अवस्थेपुढे अद्वैत वेदान्ताचा एक जुना युक्तिवाद अडखळतो. ‘सुखाने झोपलो, काहीच कळले नाही’ असे उठलेला मनुष्य म्हणतो, ही स्मृती आहे आणि स्मृती अनुभवाखेरीज नसते, म्हणून गाढ निद्रेतही साक्षी चैतन्य जागे असते, असा तो युक्तिवाद आहे. हे स्मरण नसून मागाहून केलेले अनुमान आहे, असे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, त्यावर म्हणतात. भुलीतून उठलेल्याला बहुधा सुखही आठवत नाही आणि काळ गेल्याची जाणीवही नसते, तेव्हा या उदाहरणापुरती नैयायिकांची बाजू बळकट आहे, हे मान्य करणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.

मात्र त्याच पादातील नववे सूत्र अधिक मोलाचे आहे. झोपला तोच उठला हे कशावरून, याची जी कारणे ते देते त्यांत अर्धवट राहिलेले कर्म पुढे चालू ठेवणे आणि अनुस्मृती, म्हणजे पूर्वानुभव आपलाच म्हणून ओळखणे, ही दोन प्रमुख आहेत. हृदयशस्त्रक्रियेनंतर वैद्यांना ज्याची धास्ती असते तो पक्षाघात, संभ्रम किंवा स्मृती व एकाग्रतेची घट नेमकी याच दोन आधारांवर आघात करते. म्हणून मेंदूचे रक्षण म्हणजे उठणारा तोच असेल याची तजवीज होय. ही तजवीज अपुरी पडून स्मृती उणावली, तर सूत्राचा एक आधार दुबळा होतो, पण दुसरा उरतो: नावे विसरलेला शेतकरीही घरी परतल्यावर अर्धवट राहिलेल्या बांधाकडे वळतो, आणि घरातली माणसे त्याला तोच मानतात, ते योग्यच आहे.