अर्जातला खोटा ‘नो’

सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या एखाद्या मराठी घरात अशी वेळ सहज येऊ शकते. मुलगा पॉलिटेक्निकमध्ये, वय सतरा. मित्रांच्या नादाने दुकानातून काहीतरी उचलतो आणि सापडतो. पोलीस जबाब घेतात आणि खटला न भरता ‘स्टर्न वॉर्निंग’, म्हणजे कडक समज देऊन सोडतात. घरात विषय तिथेच गाडला जातो. नागपूरच्या आजीला तर पत्ताही लागत नाही. काही वर्षांनी तोच मुलगा शिकायला ब्रिटनला निघतो, व्हिसाचा अर्ज उघडतो आणि गुन्ह्यांविषयीच्या प्रश्नावर अडतो. बाबा म्हणतात, “केस झालीच नव्हती. ‘नो’ टाक आणि पुढे चल.”

बाबांचे अर्धे म्हणणे खरे आहे. सिंगापुरात अशी समज म्हणजे शिक्षा नव्हे. ती फक्त अधिकाऱ्यांचे मत आहे, कायद्याने बंधनकारक नाही, असे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले. किरकोळ शिक्षा झालेला माणूससुद्धा पुढची ५ वर्षे सरळ वागला, तर ‘माझ्या नावावर गुन्ह्याची नोंद नाही’ असे कायद्याने म्हणू शकतो. हा कायदा शहाणाच म्हणायचा. पण त्याची हद्द सिंगापूरपुरती. ब्रिटनचा अर्ज शिक्षेखेरीज समज आणि ताकीद यांचीही चौकशी करतो. अमेरिकेचा अर्ज नुसत्या अटकेबद्दलही विचारतो, आणि माफी मिळाली असली तरी सांगा, असे बजावतो.

एका जुन्या समजेपायी व्हिसा नाकारला जाईलच असे नाही; मिळेलच अशी हमीही नाही. लपवल्याचे उघड झाले, तर मात्र हिशेब कडक आहे. ऑस्ट्रेलियात ३ वर्षे, कॅनडात ५, ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. अमेरिकेत महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून दडवली, तर खास सवलत मिळेपर्यंत प्रवेश कायमचाच बंद.

याचा अर्थ पोलिसांशी बोललेला प्रत्येक शब्द ओकत सुटा, असा नाही. शेजारच्या भांडणात साक्षीदार म्हणून जबाब दिला, तर ती अटक होत नाही. विचारले असेल तेवढेच, पण तेवढे पुरते सांगावे.

खरी अडचण अर्जात नाही, आपल्या इभ्रतीच्या कल्पनेत आहे. पोलिसांचे नाव निघाले की मुलाचे काय होईल यापेक्षा मराठी मंडळातले चार लोक काय म्हणतील, याची धास्ती मोठी. याच मराठी समाजात १८८२ साली कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या प्रकरणात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले आणि आगरकरांनी त्यावर चक्क पुस्तक लिहिले. त्यांचा खटला वृत्तपत्री बदनामीचा, दुकानातल्या चोरीशी त्याची बरोबरी नाही, हे कबूल. पण तुरुंग पाहिला म्हणून त्यांनी तोंड लपवले नाही. आणि आपण साधी समजही आजीपासून लपवतो! वर ‘सगळे नोच टाकतात’ म्हणणारा एजंट भेटला, की आपल्या भित्रेपणाला व्यवहारज्ञानाचे नाव मिळते.

पालकांनो, समजेचे पत्र मिळाले असेल तर ते शोधा. तारीख, काय घडले, पोलिसांनी काय केले, हे मुलाला त्याच्याच शब्दांत लिहू द्या आणि अर्जाला जोडा. शंका असेल तर एजंटाला नव्हे, वकिलाला विचारा. अर्जावर सही मुलाची असते. तुमच्या सांगण्यावरून तो खोटे बोलला, तरी बंदी त्याच्याच नावावर चढेल.