गाणे आपल्याला कोणाकडे नेते?



लग्नसराई जवळ आली की गायकवृंदापुढे एक प्रश्न हमखास येतो. वधूवरांना ख्रिस्तप्रसादाच्या वेळी एखादे चित्रपटगीत हवे असते. गाण्यात वाईट शब्द एकही नाही, असे ते म्हणतात, आणि ते खरेही असते. दुसरीकडे काही ज्येष्ठ मंडळींना ढोलकीचा ठेका कानी पडला तरी चर्चचे पावित्र्य भंगले असे वाटते. मग ख्रिस्ती माणसाने संगीत निवडावे कोणत्या कसोटीवर?

नुसत्या वाद्यावर किंवा चालीवर बोट ठेवून हा प्रश्न सुटत नाही. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोल वाजवण्यास मनाई केली होती. पुढे १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ग्रेगोरियन गायनाचा व पाइप ऑर्गनचा मान राखला. पण उपासनेला शोभतील अशा इतर वाद्यांनाही दार उघडले आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीताचा आदर करावा असे सांगितले. मराठीत तर याची सुरुवात फार पूर्वीच झाली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, ते ओवीत. लोकांच्या ओळखीच्या छंदातच त्यांना तारणाची कथा ऐकायला मिळाली.

खरी कसोटी संत ऑगस्टीन यांनी दाखवली आहे. मिलानच्या चर्चमधील गायन ऐकून त्यांचे डोळे पाणावले होते. पुढे 'कन्फेशन्स' या ग्रंथात त्यांनी स्वतःलाच तपासले: मला गाण्याचा आशय भिडतो, की फक्त आवाजाची गोडी? आशयापेक्षा आवाजच वरचढ ठरला तर तो त्यांना दोष वाटे. तरीही गाणे बंद करावे असे त्यांनी म्हटले नाही. गायनामुळे दुबळे मनही भक्तीकडे वळते, हे त्यांनी मान्य केले.

हीच कसोटी आपण लावू या. ख्रिस्तप्रसाद घेताना आपले मन प्रभूकडे वळायला हवे. त्या क्षणी चित्रपटगीत सुरू झाले तर मन पडद्यावरच्या नायक-नायिकेकडे धावते. गाणे वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. संध्याकाळी हॉलमध्ये ते खुशाल वाजू द्या. हाच नियम भक्तिगीतालाही लागू आहे. गायकवृंद इतका कसरतीचा सूर लावत असेल की बाकांवरचे लोक नुसते ऐकत बसतात, तर शब्द पवित्र असूनही काहीतरी हरवले आहे. उपासना ही मैफल नव्हे. परिषदेला साऱ्या भाविकांचा सहभाग हवा होता.

आणि आठवड्याचे उरलेले सहा दिवस? प्रत्येक गाण्यात येशूचे नाव असलेच पाहिजे असे नाही. आईची अंगाई, भातलावणीचे गाणे, प्रामाणिक प्रेमाचे गीत यांतही देवाने दिलेला आनंद आहे. जे सत्य, शुद्ध व प्रशंसनीय आहे त्याचे मनन करा, असे संत पौल फिलिप्पै येथील ख्रिस्ती लोकांना सांगतात. पण स्त्रीला वस्तू ठरवणारी, दारूची आणि दादागिरीची फुशारकी मारणारी गाणीही आपल्या घरी, हळदीच्या मांडवात वाजतात. आम्ही फक्त ठेक्यावर नाचतो, शब्दांकडे लक्ष नसते, असे आपण म्हणतो. लहानपणी पाठ झालेले भक्तिगीत म्हातारपणीही ओठांवर येते, कारण ठेक्याबरोबर शब्द मनात उतरतात. मग ते दुसरे शब्दच तेवढे बाहेर राहतील, असे कसे मानायचे? मांडवातली मुले ते सारे पाठ करत असतात.

शेवटी एक इशारा. संदेष्टा आमोस याच्या काळी लोकांची गाणी सुरेल असतील, पण गरिबाला न्याय मिळत नव्हता, म्हणून देवाला ती गाणी नकोशी झाली. तेव्हा गाणे विचारपूर्वक निवडू या, येत्या रविवारी मोकळ्या गळ्याने गाऊ या, आणि चर्चच्या फाटकाबाहेर शेजाऱ्याशी वागताना आपला सूर बदलणार नाही याची काळजी घेऊ या.