तारवाचे दार



नोहाच्या तारवाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्राणी जोडीजोडीने आत गेले, हे सर्वांना आठवते. मात्र उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात, पूर ओसरल्यावर, देवाने नोहाला सर्व प्राण्यांसह बाहेर येण्याची आज्ञा केली, तिकडे आपले लक्ष कमी जाते. तारू जीव वाचविण्यासाठी होते, कायमचे राहण्यासाठी नव्हते.

आजची अभयारण्ये अशीच तारवे आहेत. चहूकडे शेते, रस्ते, वस्त्या आणि मध्ये जंगलाचा एक तुकडा. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. तेथे जन्मलेला एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये स्वतःची जागा शोधायला निघाला. गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे वनखात्याला त्याची वाट कळत होती. तेलंगणात शिरून, पुढे १९९९ पर्यंत आपल्याच परभणीत असलेल्या हिंगोलीतून तो डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची एकूण भटकंती ३,००० किलोमीटरहून अधिक भरली. जागा मिळाली, पण तेथे वाघीण नव्हती.

वाटा तुटल्या की असे होते. मोजके प्राणी आपापसातच वाढतात, वंश दुबळा होतो आणि एखाद्या साथीत सारे संपू शकतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात प्राण्यांसाठी जोडवाटा राखण्याचा विचार मांडला आहे.

आपल्या जिल्ह्यात जंगल फार थोडे. येथे ओढ्याकाठची झाडी, गायरान आणि बांधावरची बोरी-बाभळी याच त्या वाटा. रानडुकरे व हरणे उभे पीक खातात, हे दुःख आपण जाणतो. एकट्या शेतकऱ्याने आपल्या घासातून ही दया करावी, असे म्हणणे न्यायाचे नाही. म्हणून नुकसानीचा पंचनामा व भरपाईचा अर्ज वेळेत व्हावा, यासाठी आपण एकमेकांना मदत करू या. मात्र कुंपणात वीज सोडू नये; ती जनावर व माणूस असा भेद करीत नाही. बांध कोरू नये, त्यावरचे झाड तोडू नये.

हे परमपित्या, तू उघडलेले दार आमच्या हातून बंद होऊ देऊ नकोस. आमेन.